नाशिकमधली स्वतःची जमीन राखायची आहे? सातबाऱ्यापासून सुरुवात करा

हा लेख दोन प्रकारच्या लोकांसाठी आहे. एक म्हणजे ज्यांना वडिलोपार्जित वावरातला डोंगराकडचा तुकडा, ओढ्याकाठची पट्टी किंवा बरड माळ प्लॉटिंगवाल्याच्या हाती द्यायचा नाही. दुसरे म्हणजे चार पैसे साठवून त्र्यंबक, इगतपुरी, दिंडोरीकडे एक-दोन एकर घेतलेले किंवा घेऊ पाहणारे, ज्यांना तिथं बंगल्याच्या आधी झाडं हवी आहेत. सिंहस्थ जवळ आला की शहराभोवतालच्या जमिनीचे भाव आणि दलालांचे फोन दोन्ही वाढतात. मग दोघांनाही एकच प्रश्न पडतो: जमीन आहे तशी राखली तर सरकार काही देतं का?

उत्तर आधीच सांगून टाकतो. जमीन नुसती राखल्याबद्दल आपल्याकडे कोणी पैसे देत नाही. पैसे मिळतात ते कामाचे: चर खणल्याचे, झाड जगवल्याचे, गाळ पसरल्याचे. अमेरिकेत जमीनमालक करार करून बांधकामाचा हक्क कायमचा सोडतो आणि त्याबदल्यात त्याला करात सवलत मिळते. यूट्यूबवर ते पाहून बरेच जण तसला कागद करायला वकिलाकडे जातात. आपल्याकडे त्यासाठी कायदाच नाही. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात शेजारच्या जमिनीच्या सोयीसाठीचा वाटेचा, पाण्याचा, उजेडाचा हक्क बसतो. पाखरांसाठी किंवा झाडांसाठी सोडलेला हक्क बसत नाही.

म्हणून माझं पहिलं सांगणं असं की अनुदान नाही मिळालं तरी जे काम तुम्ही केलंच असतं, त्यालाच अनुदान मागा. अनुदानासाठी काम शोधायला निघालात तर तिसऱ्या वर्षी वावरात वाळलेली रोपं आणि फाटलेलं प्लास्टिक उरतं.

पायरी पहिली: कागद

कुदळ उचलायच्या आधी डिजिटल सही असलेला सातबारा, आठ-अ आणि गटाचा नकाशा काढा. तिन्ही ऑनलाइन मिळतात. सातबाऱ्याला पंधरा रुपये पडतात आणि तो सगळीकडे चालतो. मग चहा घेऊन शांतपणे वाचत बसा, कारण बहुतेक जण नाव आणि क्षेत्र एवढंच पाहून कागद घडी करून ठेवतात.

क्षेत्राच्या रकान्यात लागवडीयोग्य जमिनीच्या खाली ‘पोटखराबा’ दिसेल. वर्ग अ म्हणजे खडक, घळ, नाला, लागवडीला नालायक भाग. वर्ग ब म्हणजे रस्ता, पाण्याची जागा अशा सार्वजनिक कामासाठी राखलेला भाग. राखायच्या जमिनीत गंमत अशी की सगळ्यात मोलाचा तुकडा बहुधा याच पोटखराब्यात असतो: ओढ्याची घळ, कपारीतलं उंबर, करवंदाच्या जाळ्या. पण फळबागेसारखी अनुदानं लागवडीखालच्या क्षेत्रावर मिळतात. त्यामुळे कुठला भाग अनुदानाचा आणि कुठला नुसता राखायचा, हे इथंच ठरतं.

त्यानंतर ‘भोगवटादार वर्ग’ पाहा. वर्ग १ असेल तर व्यवहाराला मोकळीक असते. वर्ग २ असेल तर विकायला, बक्षीस द्यायला किंवा वापर बदलायला परवानगी लागते. पेठ, सुरगाणा, कळवण, त्र्यंबकेश्वर भागात आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीने घेणं महसूल कायद्याच्या कलम ३६ आणि ३६-अ मुळे परवानगीशिवाय होत नाही. ‘नोटरी करून घेऊ, नंतर बघू’ असं कोणी म्हणाला तर तिथूनच उठा.

सगळ्यात जास्त वेळ ‘इतर हक्क’ या रकान्यावर घालवा. बँकेचा बोजा, कूळ, विहिरीतला हिस्सा, पाटबंधाऱ्याचं संपादन हे सगळं इथं येतं. डोंगरालगतच्या गटांत कधी कधी ‘वन’, ‘खाजगी वन’ किंवा ‘कलम ३५’ असा शेरा सापडतो. तो दिसला की पुढचं सगळं थांबवा. ३० ऑगस्ट १९७५ पासून महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियमाने खाजगी वन ठरलेली जमीन सरकारच्या मालकीची झाली. ज्यांची एकूण जमीन १२ हेक्टरच्या आत राहत होती, त्यांना ती परत देण्याची तरतूद कलम २२-अ मध्ये आहे. तुमच्या गटाचं नक्की काय झालं हे सातबाऱ्यावर लिहिलेल्या फेरफार क्रमांकावरून समजतं. तो जुना फेरफार तहसीलच्या अभिलेख कक्षातून काढा आणि वन विभागाकडे लेखी विचारा. जिल्ह्यात नाशिक पूर्व आणि नाशिक पश्चिम असे दोन वन विभाग आहेत. आपला तालुका कुठल्या विभागात ते आधी पाहा, म्हणजे हेलपाटा वाचतो.

अजून जमीन घ्यायचीच असेल तर १९४८ च्या कुळवहिवाट कायद्याचं कलम ६३ लक्षात ठेवा. जो शेतकरी नाही त्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. शिवाय तुकडेबंदीमुळे जिरायत २० गुंठे आणि बागायत १० गुंठे यांच्या खालचा तुकडा सरळ खरेदीखताने नावावर होत नाही. ‘निसर्गाच्या कुशीत पाच गुंठे’ अशा पाट्या मुंबई-आग्रा रस्त्याला भरपूर दिसतात, त्या या नजरेने वाचाव्यात.

शेवटचं काम मोजणीचं. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून हद्द कायम करून घ्या आणि मोजणी नकाशाची ‘क’ प्रत जपून ठेवा. बांधावर झाडं लावली आणि दहा वर्षांनी बांधच शेजाऱ्याच्या गटात निघाला, तर झाडंही गेली आणि बोलणंही तुटलं.

पायरी दुसरी: तुमची जमीन कुठल्या नाशिकमधली?

इगतपुरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. सिन्नर, येवला, नांदगावकडे पाचशे-सहाशेवर समाधान मानावं लागतं. एकाच जिल्ह्यात कोकणाची पायरी आणि दुष्काळी माळ दोन्ही आहेत. त्यामुळे व्हॉट्सॲपवर फिरणारी ‘एकरी इतकी झाडं’ ही यादी दोन्हीकडे कशी चालेल?

घाटाकडे, म्हणजे त्र्यंबक, पेठ, सुरगाणा, इगतपुरी पट्ट्यात, जमीन तीन-चार वर्षं नुसती राखली तरी ऐन, हिरडा, जांभूळ, करवंद, साग बुंध्यातून आपोआप फुटतात. तिथं रोपं लावण्यापेक्षा कुऱ्हाड, वणवा आणि मोकाट गुरं थांबवणं जास्त कामाचं. खर्च जवळपास शून्य, म्हणूनच याला कुठली योजना नाही.

पूर्वेकडे उलट. येवल्याजवळ ममदापूरच्या माळावर काळवीट आहेत आणि त्यांच्यासाठी तिथं संवर्धन राखीव क्षेत्रही आहे. तिकडच्या बरड जमिनीवर दाट झाडी लावणं म्हणजे काळविटाचं आणि माळढोकाच्या कुळातल्या पाखरांचं घर मोडणं. माळरान ओसाड दिसतं, पण पवन्या, मारवेल, कुसळीचं गवत ही तिथली खरी संपत्ती आहे. बोर, हिवर, बाभूळ तुरळक असू द्या आणि बाकी गवत राखा. सरकारी लागवडीचं उद्दिष्ट पुरं करायला कोणी तुमच्या माळावर गिरीपुष्प लावायला आलं, तर नम्रपणे नाही म्हणता येतं. जमीन तुमची आहे.

निफाडकडे, गोदावरी-कादवेच्या संगमावरच्या नांदूरमध्यमेश्वरच्या आसपास जमीन असेल, तर अभयारण्याभोवतीच्या पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रात आपला गट येतो का, हे वन विभागाच्या वन्यजीव शाखेकडे विचारा. ही जागा महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. घाटाकडच्यांनी पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राच्या मसुद्यातली गावांची यादी पाहावी. केंद्राने ३१ जुलै २०२४ ला काढलेला हा सहावा मसुदा. गावात अशा यादीबद्दल ‘जमीन जाणार’ असं पसरतं. मसुद्यात बंदी आहे ती खाणी, अति प्रदूषणाचे कारखाने आणि २०,००० चौरस मीटर व त्यापुढच्या नव्या बांधकामांवर. मालकी जात नाही, शेती थांबत नाही.

पायरी तिसरी: किती घट्ट कुलूप लावायचं?

जमीन राखायचे कायदेशीर मार्ग सैल ते घट्ट अशा क्रमाने सांगतो. नवख्याने वरून सुरुवात करावी.

सगळ्यात सैल मार्ग घरातला. भावंडांत वाटणी होणार असेल तर डोंगराचा उतार किंवा ओढ्याची पट्टी तुकडे न करता सामाईक ठेवा आणि तसं वाटणीपत्रात लिहून नोंदवा. ही गोष्ट साधी असल्याने कोणी सुचवत नाही. नाशिकभोवतीचे बरेच हिरवे तुकडे दरोडेखोरांनी नाही, वाटणीने संपवले.

दुसरा मार्ग ग्रामपंचायतीचा. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी. तिच्याकडे लोक जैवविविधता नोंदवही असते. निदान असायला हवी. तुमच्या जमिनीतली जुनी झाडं, झरे, मधाची पोळी, औषधी वनस्पती त्यात नोंदवून घ्या. या नोंदीने कुलूप लागत नाही. पण उद्या गावाजवळून रस्ता किंवा विजेची लाईन आली आणि हरकत घ्यायची वेळ आली, तर ‘इथं काही नव्हतंच’ असं कोणाला म्हणता येणार नाही.

तिसरा मार्ग फार कोणाला ठाऊक नसतो: भारतीय वन अधिनियम १९२७ चं कलम ३८. मालक स्वतः जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवू शकतो की माझ्या जमिनीवर वन राखायचं किंवा वाढवायचं आहे. वन अधिकाऱ्यांनी माझ्या वतीने ती राखीव किंवा संरक्षित वनासारखी सांभाळावी. अटी दोघांनी मिळून ठरवायच्या. मालक अनेक असतील तर निदान दोन-तृतीयांश हिश्श्याची संमती लागते. मालकी तुमचीच राहते. ‘अटी मिळून ठरवायच्या’ या शब्दांतच सगळं आहे. किती वर्षं, गवत-मध-फळं कोणाची, विहिरीवर जायची वाट कुठून, बाहेर पडायचं असेल तर कसं, हे लिहून घेतल्याशिवाय सही करू नका.

चौथा आणि सगळ्यात घट्ट मार्ग म्हणजे वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ३६-क खालचं समुदाय राखीव क्षेत्र. नाव समुदायाचं असलं तरी एकट्या मालकालाही स्वेच्छेने आपली जमीन देऊ करता येते. खाजगी जमीन असेल तर व्यवस्थापन समितीत मालक, वन किंवा वन्यजीव विभागाचा प्रतिनिधी आणि पंचायतीचा किंवा आदिवासी समाजाचा प्रतिनिधी असतो. एकदा अधिसूचना निघाली की जमिनीचा वापर बदलायला समितीचा ठराव आणि राज्य सरकारची मंजुरी लागते. म्हणजे कुलूप लावलं की किल्ली एकट्या तुमच्या खिशात राहत नाही. मुलांना, भावांना समोर बसवून हे समजावल्याशिवाय अर्ज करू नका.

इथं एक घोटाळा नेहमी होतो. रामशेजजवळचं बोरगड पाहून लोक म्हणतात, ‘आमच्याकडेही तसंच करा.’ बोरगड २००८ मध्ये जाहीर झालं ते संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून. ते त्याच वन्यजीव कायद्याच्या कलम ३६-अ खाली येतं आणि सरकारी मालकीच्या जमिनीवर होतं. तुमच्या गटावर तो शिक्का बसत नाही.

जमीन संस्थेला देऊन टाकायचा विचारही काहींच्या मनात असतो. विश्वस्त संस्था शेतकरी नसल्याने तिथंही कलम ६३ ची परवानगी आडवी येते. शिवाय आयकरातली ८०-जी ची वजावट पैशाच्या देणगीवर मिळते, जमीन दिल्यावर नाही. संस्थेचा माणूस काही वेगळं सांगत असेल तर ते त्याच्याकडून लेखी घ्या.

शहराच्या हद्दीतली गोष्ट निराळी. महापालिका क्षेत्रात झाडांना १९७५ चा नागरी क्षेत्रातला वृक्षसंरक्षण कायदा लागू होतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं आणि त्यावरची झाडं वारसा वृक्ष धरली जातात. तपोवनातल्या झाडांवरून २०२५ च्या अखेरीस जे रण पेटलं, त्यानंतर हा कायदा नाशिककरांना तोंडपाठ झाला असेल. तुमच्या जागेवर उद्यानाचं आरक्षण असेल तर रोख मोबदल्याऐवजी टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, घेता येतो. नदीकाठच्या जागेसाठी निळी पूररेषा कुठून जाते हे विकास आराखड्यावर पाहा. तिच्या आत बांधकाम होणार नसेलच, तर तिथं करंज, उंबर, वाळुंज लावण्याइतका शहाणा वापर दुसरा नाही.

पायरी चौथी: पैसे कुठून

अर्जाच्या आधी तीन गोष्टी तयार हव्यात: आधारला जोडलेलं बँक खातं, ॲग्रिस्टॅक या सरकारी शेतकरी नोंदणीतला ओळख क्रमांक आणि महाडीबीटी या योजनांच्या अर्जाच्या सरकारी पोर्टलवरची नोंदणी. २०२५ पासून ओळख क्रमांकाशिवाय कृषी खात्याच्या योजनांचं दार उघडत नाही. महाडीबीटीवर पूर्वी सोडत निघायची. आता आधी येईल त्याला आधी, असा क्रम लागतो. म्हणून कागद तयार ठेवण्याला किंमत आली आहे.

आणि हे भिंतीवर लिहून ठेवा: पूर्वसंमती आल्याशिवाय काम सुरू करायचं नाही, सामान घ्यायचं नाही. ठिबकचं बिल पूर्वसंमतीच्या आदल्या तारखेचं असेल, तर ते बिल तुमचं तुम्हालाच लखलाभ.

फळझाडांसाठी दोन दारं आहेत. जॉबकार्ड असलेल्या लहान शेतकऱ्याने आधी रोजगार हमीचं दार ठोठवावं. ग्रामपंचायतीतल्या रोजगार सेवकाला भेटा. २ हेक्टरपर्यंतच्या लागवडीला, अगदी बांधावरच्या झाडांनाही, खड्डे, रोपं, पाणी घालण्याची मजुरी असं बसतं. त्यात न बसणाऱ्यांसाठी भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना. आपल्याकडे २० गुंठ्यांपासून ६ हेक्टरपर्यंत लागवड यात बसते. अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के अशा हप्त्यांनी येतं. पण पहिल्या वर्षी ८० टक्के आणि दुसऱ्या वर्षी ९० टक्के झाडं जिवंत दिसली पाहिजेत, नाही तर पुढचा हप्ता विसरा. यादीत आंबा, चिंच, जांभूळ, आवळा, सीताफळ, फणस आहेत. नाशिकचा माणूस आधी द्राक्ष शोधतो. ते यात नाही. जमीन राखण्याच्या दृष्टीने चिंच, जांभूळ आणि आवळा घ्या. सिन्नरच्या बरडावर सीताफळ.

गाळाबद्दल थोडं सविस्तर. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत २०२३ च्या निर्णयाप्रमाणे लहान आणि सीमांत शेतकऱ्याला घनमीटरमागे ३५ रुपये ७५ पैसे, एकरी १५,००० रुपयांच्या मर्यादेत आणि जास्तीत जास्त अडीच एकराला मिळतात. मुरमाड, उथळ जमिनीला गाळ म्हणजे सोनं. दोन पावसाळ्यांत फरक दिसतो. पण तुमची जमीन आधीच चिकट काळी असेल तर वर आणखी गाळ टाकून तिचा चिखल करू नका. उताराच्या जमिनीवर चर-बांध झाल्याशिवाय गाळ पसरला तर पहिल्याच वळवाला तो पुन्हा धरणात जातो. हा क्रम चुकवणारे दरवर्षी दिसतात.

शेततळ्याला मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून आकारमानाप्रमाणे ७५,००० रुपयांपर्यंत मिळतात. ठिबकला केंद्राचं आणि राज्याचं मिळून लहान शेतकऱ्याला ८० टक्के, इतरांना ७५ टक्के. शेततळ्याबद्दल माझं मत जरा कडवट आहे. ओढ्याचं वाहतं पाणी अडवणारं तळं ही जलसंधारणाची गोष्ट. बोअरने उपसून प्लास्टिकच्या तळ्यात भरलेलं पाणी म्हणजे जमिनीच्या पोटातलं पाणी उन्हात वाळत घालणं. द्राक्षवाल्यांची अडचण मला कळते, पण त्याला संवर्धन म्हणू नये.

हवामान अनुकूल शेतीसाठीच्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात नाशिक जिल्हा आला आहे. गावं ठरलेली आहेत. तुमचं गाव आहे का हे तालुका कृषी कार्यालयात विचारा. तिथं आता कृषी सहायकाचं पद ‘सहाय्यक कृषी अधिकारी’ झालंय आणि तलाठी ‘ग्राम महसूल अधिकारी’ झालेत. दारावरच्या पाटीला दचकू नका, भाऊसाहेब तेच आहेत.

बांबूचं एक बरं. २०१७ च्या दुरुस्तीने तो वन कायद्यातल्या ‘झाड’ या व्याख्येतून निघाला. त्यामुळे आपल्या जमिनीतला बांबू तोडायला झाडासारखी परवानगी लागत नाही. रोजगार हमी आणि बांबू विकास मंडळ दोन्हीकडून मदत मिळते. ओढ्याच्या ढासळत्या काठाला बांबू लावावा. सगळं वावर भरून लावायला आधी गिऱ्हाईक शोधावं. मुलगी झाली असेल तर कन्या वन समृद्धी योजनेत सामाजिक वनीकरणाकडून दहा रोपं मोफत मिळतात: ५ साग, २ आंबे, फणस, जांभूळ आणि चिंच. रक्कम काही नाही, पण पोरीच्या नावाची झाडं सहसा कोणी तोडत नाही.

दोन गोष्टींवर मात्र भरोसा ठेवून बसू नका. केंद्राचे हरित श्रेयांक (ग्रीन क्रेडिट) नियम ऑक्टोबर २०२३ मध्ये आले, पण त्यातली वृक्षलागवड वन विभागाने दाखवलेल्या उजाड वनजमिनीवर होते. तुमच्या दोन एकरांवर नाही. झाडांनी शोषलेल्या कार्बनचं श्रेय विकणाऱ्या, म्हणजे कार्बन क्रेडिटवाल्या, कंपन्यांचे लोक गावात सभा घेतात. त्यांचा करार वीस-तीस वर्षांचा असतो. त्यात झाड मेलं तर जबाबदारी कोणाची, मध्येच जमीन विकली तर काय, पैसे कुठल्या वर्षापासून, हे मराठीत लिहून मागा. मराठी प्रत देत नसतील तर प्रश्न मिटला.

आयकराचं थोडक्यात. शेतीचं उत्पन्न करमुक्त असतं. पण सर्वोच्च न्यायालयाच्या १९५७ च्या निकालाप्रमाणे आपोआप उगवलेल्या रानातलं लाकूड विकून आलेला पैसा शेतीचा धरला जात नाही. लागवड आणि मशागत केलेली असावी लागते. म्हणून लागवडीच्या पावत्या जपा.

पायरी पाचवी: उतारावर चर

डोंगरालगतची जमीन असेल तर बाकी काही करायच्या आधी हे करा. काम माथ्याकडून सुरू करून पायथ्याकडे यायचं. बरेच जण ओढ्यात बंधारा बांधून सुरुवात करतात आणि तो दोन पावसाळ्यांत मातीने भरतो.

चर समपातळीत हवा, डोळ्याच्या अंदाजाने नाही. यंत्र नको, गवंड्याची पारदर्शक लेव्हल नळी पुरते. दोन सारख्या काठ्यांवर सेंटिमीटरच्या खुणा करा, नळीची दोन्ही टोकं काठ्यांना बांधा, पाणी भरा आणि आतले बुडबुडे झटकून काढा. एक जण खुंटीपाशी उभा राहतो, दुसरा काठी घेऊन उतारावर वर-खाली सरकतो. दोन्ही काठ्यांवर पाणी एकाच खुणेवर आलं की तिथं फक्की टाकायची आणि पुढे जायचं. दुपारी बारानंतर दुसऱ्या काठीवाल्याचा संयम सुटतो, तेव्हा सकाळीच उरकावं. आखलेली रेघ सरळ येत नाही, सापासारखी वळते. जेसीबीवाला तुमच्याकडे पाहून हसेल. हसू द्या.

चर ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल. म्हणजे शंभर मीटर लांबीत एका भरणीला १८ घनमीटर, १८,००० लिटर पाणी थांबतं. निघालेली माती खालच्या बाजूला टाकून भराव करायचा आणि पहिल्या पावसाआधी त्यावर गवताचं बी, सीताफळ, खैर, बाभूळ टोचायची. पोटखराब्यातली जुनी झुडपं आडवी आली तर चर तिथं तोडा, झुडूप नका तोडू. हे काम पाणलोटाच्या किंवा रोजगार हमीच्या आराखड्यात बसतं. त्यासाठी गावच्या कृती आराखड्यात तुमचा गट नंबर ग्रामसभेत लिहून घ्यावा लागतो.

खोदताना निघालेला मुरूम वावरातच वापरा. परवानगीशिवाय बाहेर विकलात तर महसूल कायद्याच्या कलम ४८(७) प्रमाणे बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो. ट्रॅक्टर जप्त होतो तो वेगळाच.

पायरी सहावी: लावलेलं झाड आणि त्याचे कागद

‘साग लावला की आपलंच झाड तोडायला परवानगी लागते,’ या भीतीने लोक देशी झाडं लावायचं टाळतात. भीती खोटी नाही. १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत साग, आंबा, चिंच, जांभूळ, मोह, हिरडा, खैर, चंदन, ऐन, फणस, बिजा, हळदू, तिवस, अंजन अशी झाडं आहेत. मालकी जमिनीतही ती तोडायला आधी परवानगी लागते. आदिवासी खातेदारासाठी १९६९ चा वेगळा कायदाही आहे, त्यात झाडांची विक्री सरकारमार्फत होते. व्यापाऱ्याने फसवू नये हा त्याचा हेतू. उपाय एकच: लावलेल्या झाडाची नोंद लावल्याच्या वर्षीच करायची. नोंद असली की पुढे ते तुम्ही लावलेलं की जंगलातलं, हा वादच उरत नाही.

कुंपणाला तार महाग आणि हरणांना घातक. सागरगोटा, करवंद, निवडुंगाचं जिवंत कुंपण तीन वर्षांत गुरं रोखतं. गवत राखलं की वणव्याचा धोका वाढतो. दिवाळीनंतर गवत वाळायला लागलं की हद्दीने तीन-चार मीटरची पट्टी कापून साफ करायची. ते गवत गावातल्या गुरांना कापून न्यायला दिलं तर चराईबंदीवरची भांडणं निम्मी होतात.

झाडी वाढली की बिबट्या येणार. निफाडच्या उसात तो आहेच. गाय, शेळी गेली तर जागचं काही हलवू नका. फोटो काढा, वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर लगेच कळवा आणि पंचनाम्याची प्रत घ्या. भरपाई पंचनाम्यावर मिळते. गावकऱ्याला भरपाई वेळेवर मिळाली नाही, तर तुमच्या झाडीकडे सगळं गाव वाकड्या नजरेने पाहतं. म्हणून शेजाऱ्याच्या अर्जामागेही तुम्हीच धावा.

नोंदीचं काम ऑगस्टमध्ये, खरिपाच्या ई-पीक पाहणीत करायचं. ॲपमध्ये पिकांच्या बरोबर ‘कायम पड’ आणि ‘बांधावरची झाडे’ असे पर्याय आहेत. गावातले बहुतेक जण सोयाबीन, मका भरतात आणि बाहेर पडतात. तुम्ही झाडांची जात आणि संख्या भरा. फोटो गटात उभं राहूनच काढावा लागतो आणि घाटाकडे नेटवर्क नसतं, तेव्हा मोबाईल चार्ज करून सकाळी जा. माहिती भरून ठेवा आणि रेंजमध्ये आल्यावर ती वर गेली का ते पाहा. मुदत संपल्यावर नवा सातबारा काढून बाराव्या नमुन्यात झाडं आली आहेत का, तेही तपासा. आली नसतील तर ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.